द्वारकानाथ कोटणीस

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (जन्म : १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर; मृत्यू : ९ डिसेंबर १९४२, हपै प्रांत, चीन) हे मराठी शल्यचिकित्सक व वैद्यकशिक्षक होते. दुसऱ्या चीन-जपान युद्धात जखमींच्या मदतीसाठी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ मध्ये चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात त्यांचा समावेश होता. पथकातील इतर चौघे कालांतराने मायदेशी परतले. कोटणीस मात्र चीनमध्येच राहिले व तेथेच वयाच्या बत्तिसाव्या वर्षी निधन पावले. शस्त्रक्रियांइतकेच त्यांचे महत्त्वाचे कार्य म्हणजे युद्धभूमीवरील जखमींवर तातडीचे उपचार करू शकणाऱ्या डॉक्टर, परिचारक व मलमपट्टी करणाऱ्या कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण होय. चीनमध्ये ते के दिहुआ या नावाने ओळखले जातात.

बालपण व शिक्षण

कोटणीस यांचा जन्म सोलापूर येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. त्यांना दोन भाऊ व पाच बहिणी होत्या. सोलापूर हे त्या काळी कापडगिरण्यांचे मोठे केंद्र होते व स्वातंत्र्यचळवळीतही अग्रभागी होते. १९३० च्या मे महिन्यात तेथे ब्रिटिश सरकारने लष्करी कायदा पुकारला, आणि जानेवारी १९३१ मध्ये मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे यांना फाशी देण्यात आली. कोटणीस यांच्या तारुण्याचा हाच काळ होता.

वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. परळ येथील हे महाविद्यालय व त्याला जोडलेले के.ई.एम. रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले होते. तेथील अध्यापकवर्ग भारतीयच असावा, असे धोरण स्थापनेपासून ठेवण्यात आले होते. गिरणगावाच्या मध्यभागी असलेल्या या रुग्णालयात कामगारवस्तीतील रुग्ण मोठ्या संख्येने येत. पदवी मिळाल्यानंतर कोटणीस पुढील शिक्षणाच्या तयारीत असतानाच चीनला जाण्याची संधी त्यांच्यापुढे आली.

भारतीय वैद्यकीय पथक

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण शक्तीनिशी आक्रमण केले. चिनी सैन्याकडे प्रशिक्षित डॉक्टरांची फार मोठी उणीव होती. चिनी आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू दे यांनी जवाहरलाल नेहरू यांना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्याची विनंती केली. त्या वेळचे काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी ३० जून १९३८ रोजी वृत्तपत्रांतून जनतेला आवाहन केले. ७ ते ९ जुलै या दिवसांत देशभर चीन दिन व चीन निधी दिन पाळण्यात आले व २२,००० रुपयांचा निधी जमा झाला. त्यातून एक रुग्णवाहिका व वैद्यकीय साहित्य देण्याचे आणि स्वयंसेवक डॉक्टरांचे पथक पाठविण्याचे ठरले.

पथकाचे नेतृत्व अलाहाबादचे डॉ. मदन अटल यांच्याकडे होते. स्पेनमधील यादवी युद्धात जखमींची शुश्रूषा केल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे अन्य सदस्य होते. पाचांपैकी दोघे मराठीभाषक होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक राजपुताना या बोटीने मुंबईहून निघाले.

१७ सप्टेंबर रोजी पथक क्वांगचौ येथे पोहोचले. सन यत्-सेन यांच्या पत्नी सूंग छिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. तेथून पथक वूहानला गेले. पण जपानी फौजा जवळ येत असल्याने त्यांना पुढे यीछांग व चोंगछिंग या शहरांकडे सरकावे लागले. या वाटचालीत पथकाने चिनी रेड क्रॉसच्या व्यवस्थेखाली काम केले.

चोंगछिंग येथे सदस्यांना चिनी नावे देण्यात आली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी चीन या अर्थाचे हुआ हे अक्षर जोडलेले होते. कोटणीस यांचे के दिहुआ हे नाव याच वेळचे आहे.

जानेवारी १९३९ मध्ये पथक यनानकडे निघण्याच्या तयारीत असताना सोलापूरहून वडिलांच्या निधनाची बातमी आली. सहकाऱ्यांनी कोटणीस यांना घरी परतण्याचा सल्ला दिला. परतण्यास कोणाचीही हरकत नव्हती. तरी हाती घेतलेले काम सोडून न जाण्याचा निर्णय त्यांनी घेतला.

यनान

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक यनान येथे पोहोचले. हे शहर त्या वेळी चिनी कम्युनिस्टांचे मुख्य केंद्र होते. माओ त्से-तुंग यांनी भारतीय डॉक्टरांचे स्वागत केले. जपानी विमानांच्या बॉम्बफेकीमुळे येथील अनेक संस्था पिवळ्या मातीच्या डोंगरांत खोदलेल्या गुहांतून चालत. अशाच एका रुग्णालयात पथकाने कामास प्रारंभ केला. वीज, औषधे, कापूस व मलमपट्टीचे कापड यांचा सतत तुटवडा असे.

यनानमध्येच कोटणीस यांनी चिनी भाषेचा नेटाने अभ्यास सुरू केला. रुग्णाची तक्रार दुभाष्यामार्फत समजून घेण्यात वेळ जातो व अचूकता कमी होते, ही अडचण पथकातील सर्वांनाच जाणवत होती. कोटणीस यांनी मात्र बोलण्यापुरती भाषा शिकून न थांबता लिपीही आत्मसात केली. पुढे त्यांना चिनी भाषेत व्याख्याने देता आली व पाठ्यपुस्तक लिहिता आले, ते या तयारीमुळेच.

चोळकर व मुखर्जी १९३९ मध्ये भारतात परतले. उरलेले तिघे, म्हणजे अटल, कोटणीस व बसू, त्या वर्षाच्या अखेरीस शत्रूच्या पिछाडीकडील रणक्षेत्राकडे निघाले.

आघाडीवरील कार्य

डिसेंबर १९३९ मध्ये तिघे शान्शी प्रांतातील आठव्या मार्ग सेनेच्या मुख्यालयात पोहोचले व चू दे यांना भेटले. त्यापूर्वी काही आठवडे, १२ नोव्हेंबर रोजी, कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून यांचे हपै प्रांतात निधन झाले होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून त्यांच्या रक्तात विषबाधा पसरली होती.

बेथ्यून यांनी या प्रदेशात युद्धकालीन वैद्यकाची एक नवी पद्धत रुजविली होती. जखमी सैनिक रुग्णालयात येईपर्यंत वाट न पाहता डॉक्टरांनीच लढाईच्या जवळ जावे, असा त्यांचा आग्रह होता. खेचरांच्या पाठीवर लादता येईल असा शस्त्रक्रियेचा संच त्यांनी तयार करविला. गावच्या सुतार-लोहारांकडून मोडलेल्या हाडांना आधार देणाऱ्या पट्ट्या बनवून घेतल्या. रणभूमीच्या जवळ रक्त देण्याची सोय केली. प्रतिजैविके उपलब्ध नसलेल्या त्या काळात जखम होण्यापासून ती स्वच्छ होईपर्यंत जितका वेळ जाई, तितका जखम सडण्याचा धोका वाढे. रक्तस्राव वेळीच थांबविला नाही, तर उत्तम शल्यचिकित्सकाचाही उपयोग होत नसे.

प्रकृतीच्या कारणाने अटल १९४० मध्ये भारतात परतले. कोटणीस व बसू जपानी ठाण्यांच्या रांगा रात्री ओलांडत शान्शी-चाहार-हपै सीमाप्रदेशात पोहोचले. या प्रदेशाचे सेनापती न्ये रोंगचन होते. ऑगस्ट १९४० मध्ये आठव्या मार्ग सेनेने जपानी रेल्वेमार्ग व ठाणी यांवर एकाच वेळी हल्ले सुरू केले. ही मोहीम शंभर रेजिमेंटांची मोहीम म्हणून प्रसिद्ध आहे. या काळात कोटणीस यांनी आघाडीलगतच्या शस्त्रक्रियाकेंद्राचे काम पाहिले. त्यांच्या केंद्रात ८०० हून अधिक जखमींवर उपचार झाले, तसेच एका प्रसंगी त्यांनी जवळपास विश्रांती न घेता सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे.

बेथ्यून रुग्णालय व आरोग्य विद्यालय

जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले प्रमुख म्हणून कोटणीस यांची नेमणूक झाली. डॉ. बसू यनानला परतल्याने या प्रदेशात कोटणीस हे पथकातील एकटेच उरले होते. नावात रुग्णालय असले, तरी ही एका इमारतीत वसलेली संस्था नव्हती. रुग्ण गावकऱ्यांच्या घरांतून विखुरलेले असत आणि शत्रूची फौज येत असल्याची वर्दी मिळताच त्यांना डोंगरांत हलवावे लागे.

या रुग्णालयाला जोडून बेथ्यून आरोग्य विद्यालय होते. बेथ्यून यांच्या पुढाकाराने १८ सप्टेंबर १९३९ रोजी तांग जिल्ह्यातील न्यूयानगोऊ या गावी त्याची स्थापना झाली होती. त्यांच्या मृत्यूनंतर, १९४० मध्ये, विद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले. पुढे ते त्याच जिल्ह्यातील गगोंग या गावी हलविण्यात आले. विद्यालयात लष्करी डॉक्टर, औषधनिर्माते व परिचारिका यांचे वर्ग चालत. विद्यार्थ्यांमध्ये शेतकरी कुटुंबांतून सैन्यात आलेले अनेक तरुण-तरुणी होते. काहींचे शालेय शिक्षणही अपुरे होते. अशा विद्यार्थ्यांना नेहमीच्या महाविद्यालयाप्रमाणे पाच-सहा वर्षे शिकविणे शक्य नव्हते, कारण आघाडीला त्यांची गरज तत्काळ होती. त्यामुळे अभ्यासक्रम अल्पकाळाचा ठेवून त्यात शरीररचना, शरीरक्रिया, औषधविज्ञान व शस्त्रक्रिया या विषयांचा आवश्यक भाग शिकविला जाई.

अध्यापनकार्य

कोटणीस विद्यालयात शल्यचिकित्सा शिकवीत. व्याख्याने ते चिनी भाषेत देत. रुग्णालय व विद्यालय एकमेकांना जोडलेले असल्याने वर्गात शिकलेली गोष्ट विद्यार्थ्यांना रुग्णाजवळ लगेच प्रत्यक्ष पाहता येई. फळा, शवविच्छेदनाची साधने व ग्रंथ यांची टंचाई असलेल्या ठिकाणी ही जोडणी विशेष उपयोगी ठरली.

या शिक्षणाचे महत्त्व युद्धातील उपचारांच्या साखळीवरून स्पष्ट होते. जखमी सैनिकापर्यंत प्रथम पोहोचणारा माणूस डॉक्टर नसतो. तो सोबतचा सैनिक, मलमपट्टी करणारा परिचारक किंवा डोली वाहणारा गावकरी असतो. रक्तस्राव दाबून धरणे, जखम झाकणे, मोडलेला अवयव हलणार नाही असा बांधणे, रुग्णाला ऊब देणे व त्याला योग्य स्थितीत वाहून नेणे ही कामे त्याच्याच हातून होतात. पुढे शल्यचिकित्सकाच्या टेबलावर रुग्ण जिवंत पोहोचतो की नाही, हे बव्हंशी या पहिल्या हाताळणीवर ठरते. आजच्या रुग्णवाहिकांवरील आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञांच्या शिक्षणाचा गाभाही हाच आहे. एक शल्यचिकित्सक दिवसाला ठरावीक शस्त्रक्रियाच करू शकतो; त्याने शिकविलेले विद्यार्थी मात्र अनेक तुकड्यांत विखुरतात. कोटणीस यांचा अधिकाधिक वेळ अध्यापनाकडे वळत गेला, तो या परिस्थितीत.

जपानी फौजांच्या मोठ्या शोधमोहिमांत विद्यालयालाही स्थलांतर करावे लागे. १९४१ च्या शरद ऋतूतील मोहिमेत विद्यार्थी, अध्यापक व रुग्ण डोंगरी वाटांनी जागा बदलत राहिले. मुक्कामाच्या ठिकाणी उपचार व अध्यापन पुन्हा सुरू होई.

चिनी भाषेत, या विद्यार्थ्यांना झेपेल असे शल्यचिकित्सेचे पाठ्यपुस्तक उपलब्ध नसल्याने कोटणीस यांनी स्वतः ते लिहिण्याचे काम हाती घेतले. शल्यचिकित्सेच्या सामान्य तत्त्वांवरील पुस्तक त्यांनी पूर्ण केले. शरीराच्या वेगवेगळ्या भागांवरील शस्त्रक्रियांचे विवेचन करणाऱ्या दुसऱ्या पुस्तकाचे लेखन त्यांच्या मृत्यूच्या वेळी चालू होते.

विवाह व कुटुंब

विद्यालयात परिचर्या शिकविणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी कोटणीस यांची भेट १९४० मध्ये बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभाच्या निमित्ताने झाली. छिंगलान या शान्शी प्रांतातील होत्या व त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले होते. १९४१ च्या अखेरीस दोघांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. सेनापती न्ये रोंगचन यांनी त्याचे नाव यिनहुआ असे ठेवले. यातील यिन हे अक्षर भारताचे व हुआ हे चीनचे द्योतक आहे. जुलै १९४२ मध्ये कोटणीस यांनी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व स्वीकारले.

आजार व मृत्यू

सततचे श्रम, अपुरे अन्न व कडाक्याची थंडी यांचा कोटणीस यांच्या प्रकृतीवर परिणाम झाला होता. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. उपचारासाठी सीमाप्रदेशाबाहेर जावे, असे त्यांना वरिष्ठांकडून सुचविण्यात आले; परंतु विद्यालय व रुग्णालय सोडून जाण्यास ते तयार झाले नाहीत. झटके येऊन गेल्यावर ते पुन्हा अध्यापन, शस्त्रक्रिया व लेखनाकडे वळत. योग्य औषधे व तपासणीची साधने त्या नाकेबंदी झालेल्या प्रदेशात मिळणे अवघड होते. ज्या संस्थेत ते इतरांच्या जिवावरचे प्रसंग निभावण्याचे शिक्षण देत होते, तिच्याकडे त्यांच्या स्वतःच्या आजारावर परिणामकारक इलाज नव्हता.

डिसेंबर १९४२ मध्ये त्यांना लागोपाठ तीव्र झटके आले व ९ डिसेंबरच्या पहाटे गगोंग येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचा मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. विद्यार्थी, सहकारी व पंचक्रोशीतील गावकरी यांच्या उपस्थितीत नानछ्वान गावातील वीरांच्या स्मशानभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. माओ त्से-तुंग, चू दे व सूंग छिंग-लिंग यांनी त्यांना श्रद्धांजली वाहिली.

मृत्यूनंतर

युद्धानंतर कोटणीस यांचे अवशेष हपै प्रांतातील शिच्याच्वांग येथील उत्तर चीन हुतात्मा स्मशानभूमीत हलविण्यात आले. तेथे एका बाजूस बेथ्यून यांची व दुसऱ्या बाजूस कोटणीस यांची समाधी आहे. यिनहुआ यानेही वडिलांप्रमाणे वैद्यकीय शिक्षणाची वाट धरली. परंतु शिक्षण पूर्ण होण्याच्या सुमारास, १९६७ मध्ये, त्याचा अकाली मृत्यू झाला. गुओ छिंगलान यांनी भारताला अनेकदा भेट दिली व कोटणीस कुटुंबाशी अखेरपर्यंत संबंध ठेवला. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. भारतभेटीवर येणाऱ्या चिनी नेत्यांनी कोटणीस यांच्या कुटुंबीयांची भेट घेण्याची प्रथा दीर्घकाळ पाळली.

शैक्षणिक वारसा

बेथ्यून आरोग्य विद्यालयातून पुढे छांगछुन येथे नॉर्मन बेथ्यून वैद्यकीय विद्यापीठ विकसित झाले. हे विद्यापीठ आता चीलिन विद्यापीठाचा भाग आहे. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय शिच्याच्वांग येथे कार्यरत आहे. त्याच शहरात कोटणीस यांच्या चिनी नावाने एक वैद्यकीय व्यवसाय-शिक्षण संस्था चालते. तेथे परिचर्या व तत्सम शाखांचे शिक्षण दिले जाते. प्रवेश घेणारे विद्यार्थी व नवे अध्यापक कोटणीस यांच्या पुतळ्यासमोर सेवेची शपथ घेतात.

साहित्य व चित्रपट

ख्वाजा अहमद अब्बास यांनी या वैद्यकीय पथकावर १९४४ मध्ये इंग्रजी पुस्तक लिहिले. त्याच्या आधारे व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिर या संस्थेतर्फे डॉ. कोटनीस की अमर कहानी हा हिंदी चित्रपट १९४६ मध्ये प्रदर्शित केला. त्यात कोटणीस यांची भूमिका स्वतः शांताराम यांनी, तर छिंगलान यांची भूमिका जयश्री यांनी केली. वसंत देसाई यांचे संगीत होते. चित्रपटातील नायक प्लेगवर उपाय शोधताना मृत्यू पावतो. हा भाग कल्पित असून कोटणीस यांचा मृत्यू अपस्माराने झाला. चित्रपटाच्या लोकप्रियतेमुळे त्यांचे नाव भारतात घरोघरी पोहोचले. विद्यालयातील अध्यापन व पाठ्यपुस्तकाचे लेखन हा त्यांच्या कार्याचा भाग मात्र त्यामानाने अपरिचित राहिला. चीनमध्येही १९८२ मध्ये त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला.

स्मारके व सन्मान

चीन सरकारने १९८२ मध्ये व भारत सरकारने १९९३ मध्ये कोटणीस यांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे काढली. २००९ मध्ये चीनमध्ये घेण्यात आलेल्या लोकमतातून निवडलेल्या दहा परदेशी मित्रांत त्यांचा समावेश झाला. सोलापूर येथील भैय्या चौकातील त्यांच्या राहत्या घराचे स्मारकात रूपांतर करण्यात आले असून २०१२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले.